पेटीतला माणूस

भिंगार, अहमदनगर
२२ नोव्हेंबर १९७०

प्रिय विजू,

तुझी एस.टी. सुटली आणि माझ्या लक्षात आलं की पेटी उन्हाच्या बाजूच्या खिडकीशी ठेवली आहे. वांबोरीपर्यंत तू ती हलवलीस का, हे सगळ्यात आधी कळव.

सांगितलेलंच पुन्हा लिहिते, रागावू नकोस. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकीवर एक रचायच्या नाहीत. चुलीजवळ नको, पत्र्याखाली नको. पुसायला जुनं मऊ धोतर, तेही कोरडं. लोखंडी सुई अजिबात नाही. बाभळीचाच काटा, वाळलेला आणि सरळ. सहाणेवर टोक काढायचं आणि एक बाजू वाजून झाली की तो टाकून नवा घ्यायचा. अब्बा म्हणतात, लोखंड रेकॉर्ड खातं, काटा फक्त तिची विचारपूस करतो. तुमच्याकडे बाभळींना तोटा नाही, तेव्हा कंजुषी करू नकोस.

अब्बांनी घरातल्या दोन ग्रामोफोनांतली चावीची पेटी तुला दिली ती मनापासून. आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून हा इंग्रजी बाजा वाजतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा, कॅम्पातले गोरे सोडून गेले तो. पण बाहेरचं कुणी मांडी घालून ऐकत बसलं असेल तर तूच, अध्यापक विद्यालयात असताना आमच्या घरी आलीस त्या रविवारी. अब्बा अजून सांगतात, हे लोक रडतानाही ठेका सोडत नाहीत हे त्या पोरीला न सांगता कळलं.

आता मूळ गोष्ट. गडद लाल लेबलची, सोनेरी अक्षरांची ती रेकॉर्ड कपाटात नाही. अब्बांना विचारलं तर हसले. म्हणाले, "विजू के पेटी में रख्या. उसके गाव को बी सुनने दे."

ती कोणती हे तुला माहीत आहे. महायुद्धाच्या शेवटच्या साली कॅम्पातल्या गोऱ्यांच्या क्लबातला बँड मुंबईला नेऊन भरलेली. अब्बा तेव्हा विशीचे होते, क्लॅरिनेट वाजवायचे. आता तेच क्लॅरिनेट कारभारी मास्तरांच्या बँडपार्टीत लग्नात वाजवतात आणि कारभारी मास्तर चारचौघांत विचारतात, "बाबाजान, तिथं बाजा वाजवायचास का नाचणाऱ्यांच्या खुर्च्या मांडायचास?" अब्बा त्यावर घरी येतात, ती रेकॉर्ड काढतात, आणि जो कुणी असेल त्याला लेबलवर बोट ठेवून सांगतात की इथं माझं नाव छापलेलं आहे.

अब्बांना वाचता येत नाही. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली. इंग्रजी अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा मी सगळ्यात आधी ते लेबल वाचलं. त्यावर बँडचं नाव आहे, बँडच्या साहेबाचं आहे, नाचाच्या प्रकाराचंही आहे. अब्बांचं नाही. त्यांनी मला कधी वाच म्हटलं नाही आणि मी कधी वाचून दाखवलं नाही. हे तुझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

म्हणून एवढं कर. हे वाजवणारे माझे अब्बा आहेत असं तिकडे कुणाला सांगू नकोस. मैत्रिणीच्या वडिलांची पेटी आहे, एवढंच सांग. जे छापलेलं नाही ते मी खात्रीनं कसं सांगू?

तुझी,
जहिरा


वांबोरी
६ डिसेंबर १९७०

प्रिय जहिरा,

पेटी सावलीत आली, मी उन्हात. झालं समाधान? रेकॉर्डी धान्याच्या कणगीमागे उभ्या आहेत, तिथं चूलही नाही आणि पत्राही नाही.

तू नव्हतीस याचं फार वाईट वाटलं. पहिल्या संध्याकाळी अंगणात पेटी उघडली तर निम्मी आळी जमली. चावी दिली, काटा टेकवला, आणि तुमचा बाजा सुरू झाल्याबरोबर साळूकाकू म्हणाली, "अगं बया, मांजरं भांडत्यात का काय?" साळूकाकू म्हणजे माझी चुलती, आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. सगळे हसले. मी पण हसले असते, पण थोरले आबा हसले नाहीत. माझे आजोबा गं, काठी टेकत खळ्यापर्यंत जातात ते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. लाल लेबलची रेकॉर्ड लागली होती. शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "ह्यो पिपानीवाला लई खोडीचा हाय. रस्ता सरळ हाय, पर ह्यो रस्त्यानं चालंना. बांधावरनं उड्या मारीत चाललाय, अन् पडत न्हाई."

आता रोज जेवणं झाली की हुकूम येतो, "विजे, त्यो बांधावरचा लाव."

काकूला मात्र ती जाड्या आवाजाची बाई आवडते. म्हणते, ही दळताना गायल्यासारखी गाती, हिला सासुरवास असनार. तिच्या दुःखानं काकू दोनदा डोळे पुसते आणि बिनगाण्याच्या रेकॉर्डीला नुसता गोंगाट म्हणते.

तू म्हणतेस तसं मी कुणाला सांगितलं नाही. पण मला तुझं पटत नाही. मी लेबल नीट बघितलं. सोनेरी अक्षरांखाली चांगली बोटभर जागा मोकळी आहे. तिथं तूच लिही ना अब्बांचं नाव. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. कोण विचारतंय?

सोबत काडेपेटीत काटे पाठवते आहे, आबांनी स्वतः निवडलेले. आणि आणखी एक. पुढच्या महिन्यात श्रीगोंद्याची मंडळी मला बघायला येणार आहेत. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. बाकी काही ठाऊक नाही, उंच आहे म्हणतात.

तुझी,
विजू


भिंगार
२७ डिसेंबर १९७०

प्रिय विजू,

काटे पोचले. अब्बांनी एकेक उजेडात धरून बघितला आणि आबांना सलाम सांगितला. "बांधावरचा" हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की क्लबात गोऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या, पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

नाव लिहायचं म्हणतेस ते माझ्याच्यानं होणार नाही. छापलेल्या लेबलवर मी शाईनं लिहायचं म्हणजे खोटा दाखला तयार करायचा. मी वर्गात पोरींना सांगते की उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मनानं भरू नका.

पण आता तशी गरजच पडणार नाही असं वाटतं. पुण्याच्या कॅम्पात दिनशॉजी म्हणून एक पारशी गृहस्थ आहेत. आपल्या देशात भरलेल्या अशा जुन्या नाचाच्या रेकॉर्डी ते जमवतात आणि कोणत्या रेकॉर्डीत कोणी वाजवलं याची नावं शोधून त्यावर पुस्तक लिहिणार आहेत. त्यांचं आवाहन मी पेपरात वाचलं. तीन वेळा पत्र लिहिलं, तीन वेळा फाडलं, चौथं टाकलं. त्यांचं उत्तर आलं की ही रेकॉर्ड त्यांना फक्त नावानं माहीत आहे, कधी हाती आलेली नाही. फेब्रुवारीत ते स्वतः नगरला येतील, रेकॉर्ड ऐकतील, आणि खात्री पटली तर क्लॅरिनेटपुढे अब्बांचं नाव पुस्तकात घालतील.

विजू, पुस्तकात. छापलेलं.

अब्बांनी बँडचा लाल कोट परटाकडे दिला. गल्लीत सांगून झालं. कारभारी मास्तर म्हणाले, "आता खुर्च्या मांडणाऱ्यांची पण पुस्तकं निघायला लागली," आणि अब्बा नुसते हसले, इतके ते खुशीत आहेत. मला झोप येत नाही. रेकॉर्ड पोस्टानं पाठवू नकोस. कुणाच्या तरी हाती दे, आणि तो माणूस ती मांडीवर धरून बसेल असा बघ.

तुझी,
जहिरा


वांबोरी
१९ जानेवारी १९७१

प्रिय जहिरा,

लग्न ठरलं. मंडळी चांगली आहेत. मे महिन्यातला मुहूर्त धरला आहे. घरात पापड, कुरडया, रुखवत, सगळ्याची एकच गडबड चालली आहे, म्हणून आज कार्डच. सविस्तर लिहीनच. अब्बांना माझा नमस्कार सांग.

विजू


भिंगार
२४ जानेवारी १९७१

प्रिय विजू,

मनापासून अभिनंदन. तो खरंच उंच आहे का, तेही लिहिलं नाहीस.

तुझ्या कार्डात रेकॉर्डीचं काही नाही. मी कार्ड उलटून बघितलं, पत्त्याच्या बाजूलाही बघितलं. जागा नसेल, हे मला समजतं. पण माझ्या मागच्या पत्रात दुसरं काही विचारलेलंच नव्हतं, आणि तू सगळ्या गोष्टींची उत्तरं देतेस. ती चिरली आहे का? चिरली असेल तर तसं सांग, चिरलेली रेकॉर्डसुद्धा वाजते. दिनशॉजी चौदा तारखेला येत आहेत.

मी उगाच काळजी करते असं तू म्हणशील. तसंच म्हण, म्हणजे बरं वाटेल.

जहिरा


वांबोरी
३१ जानेवारी १९७१

प्रिय जहिरा,

ती चिरली नाही. तिचं भांडं झालं आहे.

तुला रुखवत माहीत आहे, आमच्या लग्नात मुलीकडच्या बायका हातानं केलेल्या वस्तू मांडतात ते. साळूकाकूनं मागच्या वर्षी श्रीगोंद्याला एका लग्नात काळ्या चकचकीत झालरीचं भांडं बघितलं. रेकॉर्ड कढत पाण्यात धरायची, मऊ झाली की तांब्यावर पालथी घालून बोटांनी कडेला लाटा पाडायच्या. माझं ठरलं त्या आनंदात तिनं, मी शाळेत गेले असताना, ते केलं.

तिनं निष्काळजीपणानं केलं असं समजू नकोस. तेच तर जास्त लागतं. तिनं आधी सगळ्या रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी लावून ऐकल्या. नवा काटा घेऊन, तू सांगितलंस तसं. जिच्यात बाई गाते ती बाजूला ठेवली, बुवा गातो त्याही ठेवल्या. म्हणाली, दुसऱ्याचं गानं कसं मोडायचं? लाल लेबलची निघाली तेवढीच बिनगाण्याची. मी घरी आले तर ओट्यावर ते भांडं वाळत होतं आणि काकू कौतुकानं म्हणाली, "हिच्यात मानूसच न्हाई गं, कोरीच हाय. म्हून हीच घेतली. अन् लेबल बी कुंकवाच्या रंगाचं, शुभ."

मी काकूला काही बोलले नाही. ती काय होती हे कळलं तर ती जेवणार नाही. आबा रोज विचारतात, "बांधावरचा कुठं गेला?" मी सांगते, नगरला गेला.

कार्डावर हे लिहायला माझा हात धजला नाही. मी पुण्याच्या त्या गृहस्थांना पत्र लिहू का? अब्बांपुढं येऊन उभी राहू का? तू सांगशील ते करीन.

विजू


भिंगार
२१ फेब्रुवारी १९७१

प्रिय विजू,

उत्तराला वेळ लागला. तुझ्यावर राग होता, पण तो लिहायला बसले की कुणावर आहे ते कळेना. काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या रेकॉर्डीत माणूस आहे. सांगू नको असं तुला मीच बजावलं होतं.

अब्बांना मी खरं सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प बसता येतं. ते ऐकत राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, "लाटां बराबर आये क्या?" मी म्हटलं मला माहीत नाही, मी भांडं बघितलेलं नाही.

दिनशॉजींना येऊ नका म्हणून तार करणार होते, पण अब्बांनी करू दिली नाही. ते आले. चांगले गृहस्थ आहेत, बूट बाहेर काढून सतरंजीवर बसले. अब्बा लाल कोट घालून समोर. दिनशॉजींना त्या बँडमधली चार नावं तोंडपाठ होती, सगळी गोव्याची. क्लॅरिनेट कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. अब्बा म्हणाले, "मैं." दिनशॉजींनी मान हलवली आणि म्हणाले, रेकॉर्ड असती तर आपण सगळ्यांनी ऐकली असती. मग अब्बांनी क्लॅरिनेट काढलं आणि तीच चाल वाजवली. दारात गल्ली जमली होती, कारभारी मास्तरही होते. विजू, मी त्यांना इतकं चांगलं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. दिनशॉजी शेवटी वाहवा म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, मुली, ही चाल रेकॉर्ड ऐकून कुणीही बसवू शकतो. मला कागदावर काहीतरी हवं.

आणि मला ते पटलं. हे तुला लिहिताना माझी मान खाली जाते आहे. त्या क्षणी मी अब्बांच्या बाजूला नव्हते, दिनशॉजींच्या बाजूला होते. शिकल्यापासून मला छापलेलंच खरं वाटत आलं आहे. खरंच खुर्च्या मांडत असतील तर, असं माझ्या मनात येऊन गेलं. माझ्या, ज्यांनी बँडच्या सुपाऱ्यांवर मला शिकवलं त्यांच्याविषयी.

दिनशॉजी गेल्यावर अब्बांनी क्लॅरिनेट पुसून डब्यात ठेवलं. त्यानंतर त्यांनी घरात काही लावलं नाही, काही वाजवलं नाही. कारभारी मास्तरांना सांगितलं की या हंगामात दुसरा माणूस बघा.

तुझ्या लग्नाला मी येणार नाही. परीक्षांचं काम आहे असं सगळ्यांना सांग. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

जहिरा


भिंगार
२० मार्च १९७१

चि. विजयमाला बेटीस बाबाजानचे अनेक दुवा.

हे पत्र माझ्या तोंडचं आहे, अक्षर आमच्या बँडमधल्या आसाराम ढोलवाल्याचं. जहिराला ठाऊक नाही. तिला सांगू नये.

तू रडू नको. तुझ्या काकूला काही बोलू नको. पोरीच्या लग्नासाठी बाईनं हात भाजून घेतले, त्यात वाईट काय. मला तेवढं कळव की लाटा सारख्या आल्या का. गरम पाण्यातून काढल्यावर लगोलग करावं लागतं, न्हाईतर एक बाजू बसते.

आता दुसरं. त्या लेबलवर माझं नाव न्हाई, हे मला माहीत हाय. गोरे गेले त्या साली मिशनच्या मॅडमकडून वाचून घेतलं होतं. तरी मी लोकांना बोट ठेवून दाखवत आलो, कारण वाजवलं मीच होतं. छापणारा विसरला, मी कशाला विसरू.

जहिरा लहान होती. इंग्रजी शिकली तशी घरातलं सगळं वाचत सुटली. चहाचा डबा वाचला, साबण वाचला, सगळ्या रेकॉर्डी मोठ्यानं वाचल्या. त्या रेकॉर्डीपाशी आली आणि गप झाली. तिनं हळूच ती परत ठेवली आणि मला म्हणाली, अब्बा, भूक लागली. त्या दिवशी मला कळलं की पोरगी खरी शिकली. तवापासून ती मला सांभाळती, मी तिला सांभाळतो. मी तिला वाच म्हणालो न्हाई, कारण ती खोटं बोलली न्हाई पाहिजे आणि खरं बोलून तिला दुःख झालं न्हाई पाहिजे.

पण आता तिला माझ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई असं वाटतं. त्या पुण्याच्या साहेबाच्या तोंडाकडं बघत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. पुस्तकाचं मला काही न्हाई.

तुझ्या लग्नात वाजवायला मला बोलव. तुझ्या वडलांना सांग, कारभारीच्या बँडला सांगा. तुझ्या लग्नासाठी मी डबा उघडीन. एवढंच.

बाबाजान शेख

(बेटा, मी आसाराम. बाबाजान सांगताना थांबत थांबत बोलत होता. मी काही पदरचं घातलेलं नाही.)


श्रीगोंदा
२३ मे १९७१

प्रिय जहिरा,

हे पत्र सासरहून. तो उंच आहे, आणि जुन्या रेकॉर्डी ऐकतो असं म्हणतो, पण अजून माझ्यासमोर घोरण्याशिवाय काही ऐकलेलं नाही.

अब्बांनी तुला लग्नाचं काय सांगितलं मला माहीत नाही. काहीच सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मी आत हळद लावून बसले होते, त्यामुळं जे मी बघितलं नाही ते काकूकडून आणि चुलतभावाकडून नीट विचारून घेतलं आहे. तुला लिहायचं म्हटल्यावर मलाही खात्री करायची सवय लागली.

नवरदेव परण्या निघाला, म्हणजे मारुतीच्या देवळाकडं मिरवत निघाला, तेव्हा पुढं कारभारी मास्तरांचा बँड. चाल साधीच, प्रत्येक लग्नात वाजते ती. तुमची रेकॉर्डीतली नव्हे. आबा तिथं नव्हतेच. ते पाहुण्यांच्या बैलांना वैरण टाकायला मळ्याच्या कडेला बसले होते, मधे कडब्याची गंज. बँड कोणाचा आला हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वेशीपाशी आल्यावर अब्बांनी चाल जरा सोडली. कारभारी मास्तर ओरडले, "बाबाजान, सरळ वाजव, नवरदेव घोड्यावर हाय, घोडं बुजंल." घोडं बुजलं नाही. बुजले आबा. हातातली पेंढी टाकून काठी टेकत ते गंजीला वळसा घालून आले, मिरवणुकीत घुसले, आणि सगळ्यांना विचारू लागले, "बांधावरचा आलाय. कुठं हाय त्यो? बांधावरचा आलाय."

कुणाला काही कळेना. आबा वाजवणाऱ्यांच्या तोंडाशी कान नेऊन एकेकापुढं उभे राहिले. अब्बांपुढं आले आणि थांबले. बँडही थांबला.

आबा म्हणाले, "तुमी आमच्या पेटीत हुता का?"

अब्बा म्हणाले, "व्हय आबा. लई वरसं हुतो."

"मंग भाईर कवा आलात?"

"आत्ताच. तुमी हाक मारली तवा."

काकू तिथंच ओवाळायला ताट घेऊन उभी होती. आबा तिच्याकडं वळले आणि म्हणाले, "साळू, तू म्हनत हुतीस पेटीत मानूस न्हाई. ह्यो बघ." काकूनं अब्बांकडं बघितलं, मग तिला काय कळायचं ते कळलं. ताट माझ्या चुलतभावाच्या हातात देऊन ती घरात पळाली आणि रुखवतातलं ते भांडं पदराखाली घेऊन आली. अब्बांनी भांडं हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाटा सारख्या आल्यात, वहिनी. माझ्या हातानं अशा आल्या नसत्या." मग भांडं तिच्या हाती परत देऊन म्हणाले, "म्होरं ठेवा. रुखवतात सगळ्यात म्होरं."

तसंच ठेवलं. लाडवांच्याही पुढं.

रात्री पंगतीत कारभारी मास्तरांनी अब्बांना आपल्या शेजारी बसवून घेतलं.

जहिरा, तुला पुरावा लागतो, म्हणून सांगते. आबांना वाचता येत नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. चाल ती नव्हती. त्यांनी चाल ओळखली नाही, माणूस ओळखला. हे तुझ्या दिनशॉजींना चालणार नाही. तुला चालतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

रुखवतातली वस्तू सासरी येते, माहेरी परत जात नाही. पण मी सासूबाईंना विचारलं आणि ते भांडं अब्बांच्या हाती दिलं. लेबल अजून शाबूत आहे आणि बोटभर जागाही. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर तसंच परत पाठव. दोन्हीत मी तुझीच.

अब्बांचं एक पत्र माझ्याकडं आहे. त्यांनी तुला दाखवू नको म्हटलंय, म्हणून दाखवत नाही.

विजू


भिंगार
७ जून १९७१

प्रिय विजू,

भांडं आलं त्या दिवसापासून ते टेबलावर होतं. मी बाहेर जाताना बघायची, आल्यावर बघायची. लग्नाहून आल्यापासून अब्बांचं क्लॅरिनेट डब्यात नाही, खिडकीत असतं.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. प्रत्येक वेळी एक शंका काढली. आबांनी कोट ओळखला असेल, पण त्यांनी कोट कधी बघितलाच नव्हता. कुणी सांगितलं असेल, तर कोण सांगणार, तुला तर मीच गप्प बसवलं होतं. शेवटी शंका संपल्या. मी घाबरून तुला गप्प बसवलं नसतं तर आबांची साक्ष साक्ष राहिली नसती. त्यामुळं रेकॉर्ड गेली आणि त्यामुळंच ही खात्री आली. याचं काय करायचं मला समजत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते.

काल रविवार होता. मी पांढऱ्या रंगाची डबी आणली. शाई त्या लाल रंगावर दिसली नसती. ब्रश फार जाड निघाला. मग तुझ्या काडेपेटीतला एक काटा घेतला, सहाणेवर टोक काढलं आणि त्यानं लिहिलं. अक्षर बिघडू नये म्हणून आधी पाटीवर सराव केला, पोरींना करायला लावते तसा. सोनेरी अक्षरांखाली, मराठीत लिहिलं. एकच अक्षर जरा तिरकं आलं आहे, ते तुला दिसेल, दुसऱ्या कुणाला नाही.

अब्बा सतरंजीवर बसून बघत होते. रंग वाळेपर्यंत थांबले. मग भांडं मांडीवर घेतलं, लेबलवर बोट ठेवलं, जिथं ते आयुष्यभर ठेवत आले तिथं नाही, थोडं खाली, माझ्या अक्षरांवर. आणि म्हणाले, "अब पढ. अब पढने सरीका है."

विजू, म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तुझ्याकडच्या पत्रात असेल, आणि ते तू दाखवू नकोस.

मी वाचलं. आधी इंग्रजी, जे छापलेलं आहे ते सगळं, बँडचं नाव, साहेबाचं नाव, काही न गाळता. लहानपणी जिथं थांबले होते तिथून पुढं गेले आणि म्हटलं, "क्लॅरिनेट, बाबाजान इमाम शेख, भिंगार."

अब्बा म्हणाले, "जोर से. दरवाजा खोल के."

मी दार उघडलं आणि पुन्हा वाचलं.

भांडं पुढच्या आठवड्यात आसाराम काकांबरोबर पाठवते. ते मांडीवर धरून बसतील. तुझ्या घरात ते समोर ठेव, आत काहीही ठेव, पण लेबल झाकेल असं नको. आणि पाऊस लागायच्या आत आबांकडून थोडे काटे मागवून घे. आमच्याकडचे संपले. घरात परत सगळं लागायला लागलं आहे.

तुझी,
जहिरा बाबाजान शेख